विमानाचं मॅन्युअल बर्फाच्या कारखान्यात चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: रत्नागिरीत तुमची अमोनिया रेफ्रिजरेशनची छोटी कंपनी आहे. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, वेंगुर्ला इथल्या बर्फ कारखान्यांना तुम्ही प्लँट बसवून देता. आता एका शिपयार्डकडून गस्ती बोटींच्या कोल्ड रूमचं काम मिळालंय आणि त्यांनी मॅन्युअल एस१०००डी या, मुळात विमानांच्या मॅन्युअलांसाठी निघालेल्या, मानकाप्रमाणे मागितलंय. मालक म्हणतात, एवढा खर्च करतोच आहोत, तर सगळ्याच प्लँटची मॅन्युअलं याच पद्धतीने करून टाकू. विमान देखभालीच्या कागदपत्रांत मुरलेला एक लेखकही घेतलाय. तुम्ही विचारताय, यात अडचणी काय येतील.

आधी उत्तर सांगून टाकतो. शिपयार्डचं काम करारात लिहिलंय तसं, तंतोतंत एस१०००डीत करा. बर्फ कारखान्यांसाठी त्यातल्या चार-पाच गोष्टी उचला आणि बाकीचं तिथेच राहू द्या. खरा प्रश्न कोणत्या चार-पाच हा आहे, आणि तो सॉफ्टवेअर विकत घेण्याच्या आधी सुटला पाहिजे.

कुठलंही मानक हे त्या धंद्याला पडलेल्या प्रश्नांचं उत्तर असतं. एस१०००डीची पहिली आवृत्ती १९८९ साली युरोपातल्या विमान उद्योगाने काढली. त्यांचा प्रश्न असा होता: एकच विमान अनेक देशांतल्या कंपन्या मिळून बनवतात, ते तीस-चाळीस वर्षं सेवेत राहतं, प्रत्येक विमानात कोणता सुटा भाग बसलाय त्याची क्रमांकानिशी नोंद असते आणि काम करणारा मेकॅनिक प्रशिक्षित, बहुतेक वेळा परवानाधारक असतो. म्हणून मजकुराचे छोटे स्वतंत्र तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला किमान १७ अक्षरांचा कोड द्यायचा, सगळे तुकडे एका सामाईक डेटाबेसमध्ये ठेवायचे आणि कोणता तुकडा कोणत्या विमानाला लागू आहे हे तुकड्यावरच नोंदवायचं.

आता हीच परिस्थिती तुमच्या प्लँटला लावून बघा. आयुष्य लांब? होय, नीट सांभाळलेला अमोनिया प्लँट तीस वर्षं सहज चालतो. भाग अनेक कंपन्यांचे? होय, कॉम्प्रेसर एकाचा, कंडेन्सर दुसऱ्याचा, ब्राइन टँक (थंड मिठाच्या पाण्याची टाकी, जिच्यात बर्फाच्या लाद्या गोठतात) जागेवरच वेल्डिंग करून बनवलेली. कोणता भाग बसलाय याची पक्की नोंद? नाही. वाचणारा परवानाधारक? नाही. मॅन्युअल बदललं तर ते पाळलं गेलं का हे तपासणारी यंत्रणा? नाही. पहिल्या दोन ‘होय’मागचे नियम तुमच्या उपयोगाचे आहेत. पुढच्या तीन ‘नाही’मागचे नियम आणाल तर कागद वाढेल, काम सुधारणार नाही.

दुसऱ्या उद्योगातून आणलेली शिस्त रुजल्याचं उदाहरण तुमच्याच गिऱ्हाइकांकडे आहे. मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्यांत अन्नसुरक्षेची जी हॅसेप पद्धत चालते, ती १९६०च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या खाण्यासाठी पिल्सबरी कंपनी आणि नासा यांनी उभी केली. तयार डबे फोडून तपासले तर अंतराळात न्यायला काही उरतच नाही, मग धोका कुठे शिरतो ती जागा शोधा आणि तिथेच मोजमाप ठेवा, हा त्यातला विचार. अमेरिकेने मासळीसाठी हा नियम १९९५ साली काढला आणि डिसेंबर १९९७ पासून लागू केला. अंतराळ मोहिमांचे फॉर्म काही कोळंबीच्या कारखान्यात आले नाहीत. विचार आला आणि त्यावर मासळीवाल्यांनी आपले तक्ते बांधले. तुम्हाला हेच करायचंय.

सगळ्यात आधी अडकाल ते क्रमांकात. विमानवाल्यांना प्रकरण क्रमांक तोंडपाठ असतात: २१ म्हणजे वातानुकूलन, २४ वीज, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर. तुमचा लेखक सवयीने यातलेच क्रमांक लावायला जाईल. ब्राइन टँक कुठे घालणार? अ‍ॅजिटेटर (ब्राइन ढवळणारा पंखा)? लाद्या उचलणारी क्रेन? एस१०००डीत जहाजांसाठी वेगळी विभागणी आहे, ती बोटीच्या कामाला वापरा. बर्फ कारखान्यासाठी स्वतःची दोन अंकी विभागणी करा: १० कॉम्प्रेसर, २० कंडेन्सर आणि पाणी, ३० रिसिव्हर (द्रव अमोनियाची टाकी) आणि लिक्विड लाइन, ४० ब्राइन टँक आणि कॉइल, ५० लाद्यांचे डबे आणि क्रेन, ६० वीज, ७० सुरक्षा. एवढं पुरतं. मात्र एक सवय जरूर घ्या. माहितीचा प्रकारही क्रमांकाने सांगायचा. एस१०००डीत ०४० म्हणजे वर्णन, ५२० म्हणजे भाग उतरवणं, ७२० म्हणजे बसवणं. वर्णन आणि कृती एकाच पानावर मिसळायची नाही, ही त्यामागची शिस्त मोलाची आहे. ऑपरेटरला पहाटे तीन वाजता कृती हवी असते, अमोनियाचे गुणधर्म नकोत.

दुसरी अडचण ‘कोणत्या प्लँटला लागू’ याची. विमानात हे चालतं, कारण बदल झाला की कळवणं सक्तीचं असतं. तुमच्याकडे हंगामात पंप जळला की गावातला फिटर मिळेल तो पंप बसवतो, पाइप वळवतो आणि तुम्हाला सहा महिन्यांनी कळतं. अशा ठिकाणी डेटाबेसमधली लागूपणाची नोंद पहिल्याच वर्षी खोटी ठरते, आणि खोटी नोंद नसण्यापेक्षा वाईट. म्हणून मजकूर दोन थरांत लिहा. सगळ्या प्लँटना सारखा तो एक थर. दुसरा थर म्हणजे त्या एका प्लँटची एकच ए-तीन आकाराची पाटी: पाइपलाइनचा आराखडा, व्हॉल्व्हचे क्रमांक आणि प्रत्येक व्हॉल्व्ह नेहमीच्या चालू स्थितीत उघडा की बंद. कृती लिहिताना फक्त व्हॉल्व्हचा क्रमांक द्यायचा. प्लँट बदलला तर पाटी बदलते, कृती बहुतेक तशीच राहते. पाटी तपासायला १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ सोयीचा, कारण तेव्हाच ओव्हरहॉल निघतो. मॅन्युअलच्या सुधारित आवृत्तीचं वेळापत्रकही त्यालाच बांधा.

व्हॉल्व्हवरचे बिल्ले पितळेचे करू नका. अमोनिया तांबं-पितळ खातो. खाऱ्या हवेत साधं पत्र्याचं लेबलही दोन पावसाळे टिकत नाही. ३१६ दर्जाच्या स्टेनलेसवर कोरलेले अंक आणि स्टेनलेसचीच तार, हे एकदाच करून ठेवा.

आता इशाऱ्यांबद्दल, कारण इथे चूक झाली तर माणूस जखमी होतो. एस१०००डीत ‘वॉर्निंग’ म्हणजे माणसाला धोका आणि ‘कॉशन’ म्हणजे यंत्राचं नुकसान. पण कारखान्यातली बरीच यंत्रं ज्या अमेरिकन पद्धतीने लेबल केलेली येतात, तिच्यात ‘कॉशन’ म्हणजे माणसाला किरकोळ किंवा मध्यम इजा, आणि नुसत्या नुकसानीसाठी ‘नोटीस’ हा वेगळा शब्द. कॉम्प्रेसरच्या मूळ मॅन्युअलातली पानं तुमच्या मॅन्युअलात जोडलीत की एकाच वहीत एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. तुमचा लेखक ‘कॉशन’ वाचून यंत्राचा विचार करेल, आणि मूळ लिहिणाऱ्याला हात भाजण्याबद्दल सांगायचं होतं. मराठीत ‘सावधान’, ‘खबरदारी’, ‘इशारा’ यांत तर कुठली चढउतार ठरलेलीच नाही. म्हणून मी दोनच शीर्षकं सुचवेन: ‘माणसाला धोका’ आणि ‘यंत्राला धोका’. इशारा नेहमी पायरीच्या आधी, आणि त्यात तीन गोष्टी: काय आहे, काय होईल, काय करायचं. पायरीनंतर लिहिलेला इशारा वाचेपर्यंत हात व्हॉल्व्हवर गेलेला असतो. विमान उद्योगाची ही सवय जशीच्या तशी घ्या.

भाषेचा भाग सगळ्यात अवघड आहे. तुमचा लेखक सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिशचे (विमान उद्योगातल्या ठरवून सोप्या केलेल्या इंग्रजीचे) नियम आणेल: सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५ शब्दांचं, एका शब्दाला एकच अर्थ, आणि मान्य शब्दांची यादी. त्या यादीत ‘टेस्ट’ हे नाम आहे, क्रियापद म्हणून चालत नाही. ‘ऑइल’चंही तसंच. ही यादी इंग्रजीच्या दुखण्यावरचं औषध आहे, तिचं भाषांतर करून काही हाती लागत नाही. मराठीची दुखणी वेगळी आहेत.

‘बंद’ हा शब्द घ्या. व्हॉल्व्ह बंद, मोटर बंद, पंप बंद पडलाय. तिन्हींत शब्द तोच. ‘पंप बंद आहे’ याचा अर्थ थांबवलाय की बिघडलाय? ‘गॅस सोडा’ म्हणजे सिस्टीममध्ये भरायचा की हवेत जाऊ द्यायचा? आणि ‘खोला’ तर घातकच. मराठी फिटरला ‘व्हॉल्व्ह खोला’ म्हणजे नट काढून सुटा करा असं वाटतं, हिंदी बोलणाऱ्या ऑपरेटरला तो नुसता उघडायचाय असं वाटतं. आपल्या किनाऱ्यावर बोटींवर आणि बर्फ कारखान्यांत दोन्ही भाषांची माणसं एकाच पाळीत असतात. दाबाखालच्या लाइनवर या एका शब्दाने काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून तुमची यादी तुम्हीच करा. चाळीस-पन्नास क्रियापदांत काम भागतं. व्हॉल्व्हला फक्त ‘उघडा’ आणि ‘बंद करा’. मोटर-कॉम्प्रेसरला फक्त ‘चालू करा’ आणि ‘थांबवा’. नादुरुस्त असेल तर ‘बिघडला’. गॅस प्लँटमध्ये घालायचा तर ‘भरा’. ‘सोडा’ आणि ‘खोला’ यादीतून बाद. भागांची नावं मात्र कारखान्यात बोलतात तीच ठेवा: रिसिव्हर, हेडर, ब्राइन, अ‍ॅजिटेटर, लादी. शासकीय परिभाषेतले शब्द घातलेत तर ऑपरेटर ते मनातल्या मनात पुन्हा कारखान्याच्या भाषेत आणणार, आणि चूक तिथेच होते.

वाक्याची लांबीही तशीच उचलू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं. २० शब्दांचं मराठी वाक्य म्हणजे काय करायचं ते विसाव्या शब्दाला कळणार. बारा शब्दांची मर्यादा धरा. अट आधी आणि कृती नंतर हा क्रम मराठीत आपसूक येतो (‘हिम वितळलं की व्हॉल्व्ह बंद करा’), त्याचा फायदा घ्या. आणि ‘करावे’, ‘करण्यात यावे’ हे पूर्ण वगळा. ‘करावे’ वाचून माणूस सल्ला समजतो. ‘करा’ आणि ‘करू नका’, बस्स.

हे सगळं एका कृतीवर लावून बघू. अमोनिया प्लँटमध्ये कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर पुढे जातं. खनिज तेल अमोनियात विरघळत नाही आणि द्रव अमोनियापेक्षा जड असतं, म्हणून तळाशी साठतं आणि ऑइल पॉटमधून (ते जमा होतं त्या भांड्यातून) ते अधूनमधून काढावं लागतं. बोटीवरच्या फ्रिऑन गटातल्या गॅसमध्ये तेल मिसळून बहुतांशी परत येतं, तिथे ही कृतीच नसते. म्हणजे तुमच्या दोन कामांत हा मजकूर सामाईक होणारच नाही. आपल्याकडच्या जुन्या मॅन्युअलांत तेल काढण्याबद्दल असं वाक्य हमखास सापडतं: ‘ऑइल पॉटमधील तेल वेळोवेळी योग्य ती खबरदारी घेऊन काढण्यात यावे.’ कधी, कोणती खबरदारी, कोणी, यातलं काहीच त्यात नाही. एस१०००डीची कृती तीन भागांची असते: सुरू करण्याआधी काय हवं, प्रत्यक्ष पायऱ्या आणि काम संपल्यावर काय. तोच साचा घेतला तर असं दिसेल (सक्शन म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो ती बाजू, ड्रेन म्हणजे तेल बाहेर काढायची वाट):

सुरू करण्याआधी: दोन माणसं. अमोनियासाठीचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क, रबरी हातमोजे, गमबूट. लोखंडी बादली. पाच पावलांत वाहतं पाणी. दारं उघडी. जवळ वेल्डिंग किंवा उघडी ज्योत नाही.

माणसाला धोका: पॉटमध्ये द्रव अमोनिया असू शकतो. तो डोळे आणि कातडी जाळतो. पॉटवर हिम असेपर्यंत ड्रेन उघडू नका.

१. पॉटकडे येणारा व्हॉल्व्ह १२ बंद करा.
२. पॉट सक्शनला जोडणारा व्हॉल्व्ह १३ हळू उघडा.
३. पॉटवरचं हिम पूर्ण वितळेपर्यंत थांबा. पॉटला ज्योत लावू नका.
४. व्हॉल्व्ह १३ बंद करा.
५. ड्रेनचा व्हॉल्व्ह १४ उघडा.
६. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हाताने दाबून धरा. तेल बादलीत येऊ द्या.
७. तेलात फेस आला किंवा फुसफुस झाली की हात काढा.

संपल्यावर: व्हॉल्व्ह १४ बंद करा. १२ आणि १३ पाटीवर दाखवलेल्या स्थितीत आणा. तेल मोजा आणि लिटर वहीत लिहा. हे तेल पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये घालू नका.

तिसरी पायरी हीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, कारण तिला वेळ लागतो. हिम आहे म्हणजे आत द्रव अजून उकळतोय. त्याच वेळी १३ बंद केला तर द्रव कोंडला जातो आणि गरम होताना दाब चढतो. हे कारण कृतीत घालू नका, शेजारच्या वर्णनाच्या पानावर लिहा. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह अशासाठी की माणूस गुदमरून मागे सरला तर तो आपोआप मिटतो. तुमच्या एखाद्या प्लँटवर तो नसेल तर मॅन्युअल लिहिण्याआधी तो बसवा. शब्दांनी ती उणीव भरून निघत नाही.

लिटर लिहायला सांगितलं, त्यामागे आणखी एका उद्योगाची शिस्त आहे. विमानाच्या मॅन्युअलात नोंदीची जागा नसते, ती वेगळ्या जॉब कार्डवर असते. मासळीवाल्यांकडे उलट: कृतीपेक्षा नोंद मोठी. तुमच्या गिऱ्हाइकाला तपासणीला येणाऱ्या ऑडिटरपुढे बर्फासाठी वापरलेलं पाणी पिण्याच्या दर्जाचं होतं हे दाखवावं लागतं, ब्राइनचं तापमान किती होतं हे दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक कृतीच्या शेवटी नोंदीची ओळ ठेवा: काय मोजलं, मर्यादा काय, मर्यादेबाहेर गेलं तर काय केलं. तेलाच्या नोंदीचा तुम्हालाही उपयोग आहे. महिन्यात कॉम्प्रेसरमध्ये दहा लिटर घातलं आणि पॉटमधून सहाच निघालं, तर चार लिटर कॉइलमध्ये बसलंय आणि लाद्या गोठायला वेळ का लागतोय ते कळतं.

बिघाड शोधण्याच्या भागात विमानाची पद्धत सरळ लागू होत नाही. तिथे बरेच बिघाड यंत्र स्वतःच कोडने सांगतं. तुमच्याकडे कान, हात आणि गेज. एस१०००डीत ‘माणसाला दिसलेला बिघाड’ हा वेगळा प्रकार आहे, तेवढाच घ्या आणि तक्ता लक्षणापासून सुरू करा. उदाहरणार्थ, डिस्चार्ज प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) चढतंय. तपासण्याचा क्रम स्वस्तापासून महागाकडे: पाण्याचा पंप, नोझल तुंबलेत का, कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षार बसलाय का (खाऱ्या विहिरीच्या पाण्याने हा लवकर बसतो), आणि शेवटी सिस्टीममध्ये हवा शिरलीय का. हवा ओळखायला कॉम्प्रेसर थांबवा, कंडेन्सरचं पाणी चालू ठेवा, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान सारखं झालं की प्रेशर वाचा. ३५ अंशाला शुद्ध अमोनियाचं गेज प्रेशर साधारण १२.५ बार असतं. गेज चांगलंच वर असेल तर हवा आहे. असा आकडा तक्त्यात नसेल तर तक्ता निरुपयोगी.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. पाच-सहा मॉडेल आणि दोन भाषा एवढ्यासाठी एस१०००डीचा डेटाबेस परवडत नाही. मजकुराची पुनर्वापराची गरज खरंच वाढली तर २००५ पासूनचं डिटा हे मानक जास्त सुटसुटीत पडतं, आणि काय-काय माहिती दिलीच पाहिजे याची तपासणी यादी म्हणून आयईसी/आयट्रिपलई ८२०७९-१ (२०१९) हे वापराच्या सूचनांचं मानक वापरा. ते कुठल्या एका उद्योगाचं नाही, म्हणून बर्फ कारखान्यालाही बसतं. बाकी छापील पानंच ठेवा. ओले हात आणि खारी हवा यांत टॅबलेट फार दिवस चालत नाही. लॅमिनेट केलेल्या पानाला नंतर पंच करू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं. आधी पंच, मग लॅमिनेट, आणि नंतर प्लास्टिकलाच लहान भोक.

आता शिपयार्ड. कामाला हात घालण्याआधी लेखी मागून घ्या: एस१०००डीची नेमकी कोणती आवृत्ती (३.० आणि ४.० मध्ये फाइलमधल्या घटकांची नावंसुद्धा बदलली, जुनी फाइल नव्यात सरळ चालत नाही), प्रकल्पाचे लेखननियम आणि ते तपासणारी ब्रेक्स फाइल, मॉडेलचा ओळख कोड, विभागणी, कोणते माहिती कोड लागणार त्यांची यादी आणि कोणत्या व्ह्यूअरमध्ये ते उघडून बघणार. मानकात पाचशेहून जास्त निर्णय प्रकल्पावर सोडलेले आहेत. ते कोणी घेतले हे ठरलं नसेल तर तुमचा लेखक स्वतःच्या सवयीने घेईल आणि तपासणीत सगळं परत येईल. दर सांगताना ब्रेक्स फाइल हातात नसेल तर पूर्ण कामाचा दर देऊ नका. आधी नमुना म्हणून तीन तुकडे, एक वर्णन, एक कृती आणि एक सुट्या भागांची यादी, मंजूर करून घ्या आणि मगच पुढचा आकडा सांगा.

बर्फ कारखान्यांची सुरुवात मात्र उद्यासुद्धा करता येईल. सगळ्यात जुना प्लँट निवडा, तिथल्या प्रत्येक व्हॉल्व्हचा फोटो काढा आणि पाळीवरच्या ऑपरेटरला विचारा, याला तुम्ही काय म्हणता. जे नाव तो सांगेल ते पाटीवर लिहा.